वेलसेवरची वटपौर्णिमा

१२ जून २०२४, बुधवार

सुखरूप पोचलो, देवाची कृपा. स्लाऊचं घर सोडल्याला आज तिसरा दिवस. ॲबर्डीनहून रात्रभर मोठी बोट, लर्विकपासून दोन बसगाड्या आणि शेवटी ही उत्तर टोकाच्या वेलसे बेटाची चिमुकली फेरीबोट. तिच्यात एक मेंढ्यांचा ट्रेलर, एक पोस्टमन आणि आम्ही दोघं. मला काही झालं नाही. हे मात्र दोनदा कठड्यापाशी गेले आणि वर मलाच विचारतात, अगं, तुझ्या गणपतीची समुद्रावर ड्यूटी नसते का? एकोणचाळीस वर्षं असलंच ऐकतेय.

घर छान आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, कोरडं आणि स्वच्छ. इथल्या डॉक्टरीणबाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, म्हणून सहा आठवडे सर्जरी, म्हणजे इथला दवाखाना, ह्यांनी बघायची. रिटायर झाल्यापासून घरात बसून माझ्या फोडण्यांवर टीका करण्यापेक्षा हे बरं. मंजिरीचा रीडिंगहून तीनदा फोन आला. आई, बाबाची पेसमेकर आहे, तो एवढा लांब का गेली? आमची लेक. डोकं वडिलांचं, मराठी देवाच्या भरवशावर.

देव ड्रॉवरच्या कपाटावर मांडले. डाळ, तांदूळ, पोहे, गोडा मसाला, सगळं बरोबर आणलंय; मोजून डबे भरलेत, सहा आठवडे पुरावेत. जमाखर्चाची वही उलटी करून मागच्या बाजूने ही रोजनिशी लिहायला घेतली. नवी वही कशाला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचं कुरण दिसतं. त्यात एक दगड उभा आहे, माझ्या दीडपट उंच आणि दोन हातांच्या कवेत मावेल एवढा. अंगभर दगडफूल, आपण मसाल्यात घालतो तसलं. मागच्या दारापासून चौसष्ट पावलं. सवयीने मोजली.

१४ जून, शुक्रवार

रात्रच होत नाही. साडेदहाला सूर्य मावळतो आणि नंतरही असा राखाडी उजेड राहतो की दाराबाहेर उभं राहून पोथी वाचावी. इथले लोक त्याला सिमर डिम म्हणतात. दिवेलागण कधी करायची हाच प्रश्न. काल साडेदहाला समई लावली आणि विझवायच्या आत पहाट झाली. हे म्हणाले, तेल वाचलं, आता तरी खूश? सकाळी चहाच्या पहिल्या घोटाला रोजचंच, साखर संपली की बचत?

आज जरा वाईट झालं. इथे ड्रायर नाही आणि दोरीवर वाऱ्याने कपडे उडतात, म्हणून धुतलेलं पातळ मी त्या दगडावर पसरलं. पंधरा मिनिटांत शेजारच्या इसबिस्टरबाई आल्या. सत्तरीच्या, निळा कार्डिगन, पायात रबरी बूट. फाटकावरून हाक नाही की काही नाही. सरळ कुरणात शिरून पातळ ओढलं आणि कुंपणाच्या भिंतीवर फेकलं. मग मला बोलल्या. त्याच्यावर काही घालायचं नाही. त्याला काही बांधायचं नाही, मेंढी नाही, दोरी नाही, काही नाही. आधीच्या डॉक्टरीणबाईंना माहीत होतं, तुम्हालाही आता माहीत आहे, मिसेस डॉक्टर.

मी नम्रपणे विचारलं की हा तुमचा देव आहे का. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी अभद्र बोलले. दगडाचं नाव काय, तर म्हणे नाव नाही. सगळे त्याला नुसतं ‘तो’ म्हणतात. आमच्या सासूबाई सासऱ्यांबद्दल बोलायच्या तसं. मीही ह्यांचं नाव घेत नाही, पण इतका फणकारा मला नाही.

पातळाला चिखलाचे डाग पडले. पुन्हा धुतलं.

१७ जून, सोमवार

दुकानात गेले होते. मी आत शिरले की बोलणं थांबतं. वाटेत पांढरे समुद्रपक्षी डोक्यावर झेपावतात आणि खरोखर चोच मारतात. काल रक्त आलं. आता छत्री उघडून चालते, त्याला पोरं हसतात. हसू देत.

शुक्रवारी वटपौर्णिमा आहे आणि ह्या बेटावर झाड नाही. वड नाही हे तर कळतंच, पण कुठलंच झाड नाही. वाऱ्याने टिकत नाही म्हणे. स्लाऊच्या देवळात आम्ही बायका रबराच्या रोपाला सूत गुंडाळतो, भटजींनी चालेल म्हटलंय. अडतीस वर्षांत एक खाडा नाही. फक्त दोन वर्षांपूर्वी मला फ्लू झाला तेव्हा घरीच कागदावर वड काढून पूजा केली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ह्यांना सर्जरीच्या जिन्यात चक्कर आली. ठोका चुकत होता. मग तो पेसमेकर बसवला. डाव्या हसलीखाली काडेपेटीएवढा उंचवटा आहे. रोज रात्री माझा हात एकदा तिथे जातो. हे झोपेत म्हणतात, चालू आहे गं, मिनिटाला साठ, झोप आता.

त्यामुळे कागद पुन्हा नाही. ह्यांना विचारलं तर म्हणाले, टेलिफोनच्या खांबाला बांध, पुढच्या जन्मी सिग्नल तरी मिळेल. मग माझं तोंड बघून म्हणाले, अगं, सात जन्म तूच लागणार आहेस, मी काय पळून जातोय?

गंमत नाही ही. त्यांना गंमत वाटते कारण काळजी करायचं काम माझ्याकडे आहे.

२० जून, गुरुवार

वर्षातला सर्वांत मोठा दिवस, इथला मोठा सण. रात्री नऊपासून सगळं बेट आमच्या मागच्या कुरणात जमलं, आम्हाला न विचारता. शेकोटी, फिडलवर गाणी, भाकरीसारखे जाड बॅनक, मटण, बिअर. मी शेंगदाण्याचे लाडू नेले होते, चाळीस. सगळ्यांनी ताटाकडे बघून मान वळवली. एका म्हाताऱ्याने एक उचलला आणि कुत्र्याला घातला. हे म्हणाले, कुत्र्याला आवडला बघ. मी ताट झाकलं.

पण सण बघण्यासारखा होता, खोटं कशाला लिहू. साडेदहाच्या सुमाराला फिडल थांबलं आणि सगळे एकेक करून दगडाकडे गेले. अर्धी फेरी घालायची आणि आल्या वाटेने परतायचं. पूर्ण वळसा कोणीच घालत नाही. लहान पोरंसुद्धा बरोबर मध्यावर थांबतात. आपण शंकराला घालतो तशीच, अर्धी. मला एवढं बरं वाटलं! माणसं कुठलीही असोत, रीत एकच. आणखी एक पाहिलं. तिथे कोणी कोणाला नावाने हाक मारत नव्हतं. वरच्या घरचा, धक्क्यावरची, असंच. ह्यांनी पोस्टमनला सवयीने नावाने हाक मारली तर फिडलवाल्याने तारांवर हात ठेवला आणि सगळे गप्प. मला हाक मारायला ह्यांना नाव लागतच नाही, अगं पुरतं. ते ऐकून इसबिस्टरबाईंनी पहिल्यांदाच मान हलवली, शाबासकी दिल्यासारखी.

मग सगळे दगडाकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. दीडशे माणसं. सूर्य बुडाला तरी कोणी हललं नाही. मी हळूच मान वळवून दगड बघितला, तर इसबिस्टरबाईंनी माझी हनुवटी धरून तोंड समोर केलं. बोटं लोखंडासारखी. अजून दुखतंय.

एवढं जागृत स्थान आणि ह्या बेटावरच्या लोकांना त्याला नमस्कार करायला लाज वाटते. पाठ काय करायची देवाकडे?

माझ्या मनाने घेतलंय. उद्या तिथेच.

२१ जून, शुक्रवार. वटपौर्णिमा

झाली पूजा. मनासारखी झाली. पुढचं मात्र नाही. क्रमाने लिहिते.

हे साडेआठला सर्जरीत गेले. मी लग्नातला शालू नेसले, आत थर्मल, पायात रबरी बूट. ताटात हळदकुंकू, काळे मणी, बांगड्या, पाच फळं, सुताचं मोठं रीळ. दगडाला पाणी घातलं, हळदकुंकू लावलं. संकल्पात मात्र नाव घ्यावंच लागतं. ह्यांचं नाव मी वर्षातून एकदाच घेते, तेही पुटपुटत. ते घेतलं. माझंही सांगितलं, देवाला चुकायला नको म्हणून. मग सूत धरून सात फेरे. पूर्ण फेरे. अर्ध्यावरून परतायचं मला माहीत होतं, पण वडाला अर्धा फेरा असतो का कधी? जन्मोजन्मी हाच पती मिळो, सातदा म्हटलं. चौथ्या फेऱ्याला वारा पडला. दहा दिवसांत पहिल्यांदा. सातव्याला वाटलं की सूत मी गुंडाळत नाहीये, पलीकडून कोणीतरी हळूच ओढून घेतंय.

दगडाला कपाळ टेकलं. उन्हाशिवायच कोमट होता.

दुपारी दुकानाला टाळं. चार वाजता हे आले तेच तापून. सर्जरीत आज एक पेशंट आला नाही. पोस्टमन दारातून सांगून गेला की तुमच्या बायकोने त्याला बांधलं. हे म्हणाले, सहा आठवडे पाहुणे आहोत आपण, लोकांच्या श्रद्धेत पाय घालायला आलो नाही, काढ ते. मी म्हटलं, वटपौर्णिमेला बांधलेलं सूत मी काढू? तुमच्यासाठी बांधलेलं? त्यापेक्षा मंगळसूत्र तोडा. एवढं मोठ्याने मी ह्यांच्याशी कधी बोलले नाही. रात्री उपास सोडायला बसलो तर ताटावरून उठले, म्हणाले, मीच सोडून येतो, तू देवाला सांग की डॉक्टरच्या सल्ल्याने केलं.

पावणेबाराला गेले. खिडकीतून दिसत होते. चौसष्ट पावलं. दोन्ही हात दगडावर ठेवून वाकले. आणि तसेच राहिले. पाऊण तास. मी दार उघडून तीनदा हाक मारली. मग हळूहळू सरळ झाले आणि चालत आले. माझ्याकडे न बघता आत जाऊन पडले. पायांत बूट तसेच.

सूत मात्र जागच्या जागी आहे. इथून दिसतंय, सातही फेरे.

२२ जून, शनिवार

सकाळी चहा दिला. कप हातात धरून खिडकीशी उभे, कुरणाकडे तोंड. साय धरली, चहा गार झाला, तरी उभेच. साखरेचं काही बोलले नाहीत. मी वाट बघत होते. मुद्दाम साखर घातली नव्हती.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, सुप्रभा.

एकोणचाळीस वर्षांत ह्यांनी मला नावाने हाक मारलेली नाही. एकदाही नाही. मी म्हटलं, काय? तर पुन्हा, सुप्रभा. जीभ नवी असल्यासारखं.

अकराला इसबिस्टरबाई आल्या. आत येईनात, फाटकाला हातही लावीनात. रस्त्यावरूनच विचारलं, कोणाचं नाव घेतलंस? मी म्हटलं, ज्यांचं घ्यायचं त्यांचंच, नवऱ्याचं. तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. की तो दगड नव्हे. समुद्रातून आलेला कोणीतरी, दर घरी बायको मागत हिंडायचा. गावाने त्याला सर्वांत मोठ्या दिवशी नाचात गुंगवलं आणि उजेडात पकडला, तिथेच थिजला. त्याला नाव नाही, घर नाही, त्याला कोणी बांधलेलं नाही, म्हणून हलत नाही. तिन्ही गोष्टी तू एका सकाळी दिल्यास; पती म्हणालीस तिथेच घर आलं. ज्याचं नाव दिलंस तो आता तिथे उभा आहे.

मी म्हटलं, माझे यजमान स्वयंपाकघरात उभे आहेत. त्या म्हणाल्या, हो का?

सोडवायची रीत एकच. बांधणारीनेच उलटे सात फेरे घालून सूत सोडायचं, आणि नाव घेऊन म्हणायचं, हा माझा कोणी नाही. सोमवारी त्यांचा जॉन्समसचा सण, त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत. नंतर नाही.

मला इतका संताप आला. सौभाग्यवती बाईने असं तोंडाने म्हणायचं? सातही जन्म एका वाक्यात टाकून द्यायचे? चालत्या व्हा म्हटलं. त्या गेल्या. जाताना मात्र खिडकीकडे बघितलं नाही, पाठ करूनच गेल्या.

हे अजून तिथेच उभे आहेत. कानामागे काहीतरी राखाडी चिकटलंय. जवळ जाऊन पाहिलं. दगडफुलाची पापडी. झटकायला गेले तर निघेना.

२३ जून, रविवार

घोरणं नाही. रात्रभर ऐकत पडले होते. उजेड तसाच, पडद्यातून येणारा, राखाडी. बाजूला हे उताणे, डोळे उघडे. श्वासही ऐकू येईना. मी सवयीने हात नेला, डाव्या हसलीखाली.

उंचवटा नाही.

पुन्हा चाचपलं. उजवीकडेही बघितलं, मीच चुकले असेन म्हणून. सपाट. गार. फरशीवर हात ठेवावा तसं. टाक्यांचा व्रणसुद्धा नाही. आणि ते डोळे माझ्याकडे वळले, मान न हलता.

मी संडासात जाऊन कडी लावून बसले. सहाला कुरणात धावले, अनवाणी.

दगडावर माझ्या खांद्याच्या उंचीला काडेपेटीएवढा उंचवटा आलाय. आधी नव्हता. कान लावला. घड्याळ धरून मोजलं. साठ. पुन्हा मोजलं. साठ. ह्यांच्या आफ्टरशेव्हचा वास येत होता, दगडाला.

अहो म्हटलं. ठोका एकच चुकला आणि पुन्हा लागला.

मंजिरीला फोन केला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, आई, बाबाशी सकाळी बोलली मी. तो ओके आहे, बाबाची आवाज जरा खोल वाटली. तो म्हणाला तू झोपत नाही. Eye mask घाल ना, प्लीज. मी म्हटलं, मंजिरी, तुला त्यांनी काय म्हणून हाक मारली? ती म्हणाली, मंजिरी. काय weird ना, तो नेहमी ठमाबाई म्हणते.

फोन ठेवला. दारात उभा होता. आजपासून ‘हे’ लिहिणार नाही त्याला.

धुक्याने फेरीबोट बंद. सुताचं उरलेलं रीळ ताटात ठेवलं होतं. सापडत नाही.

२४ जून, सोमवार. सकाळ

देवापुढे बसले. विचार केला, जेवढा मला येतो तेवढा. मॅट्रिकला नापास झाले नव्हते, पहिल्या खेपेत पास. सरळ हिशोब आहे. एकीकडे सात जन्म, जे मी कधी पाहिले नाहीत. दुसरीकडे हा एक, त्यात हे, त्यांचा चहा, त्यांची फालतू बडबड. हे जिवंत हवेत. माझे नसले तरी.

म्हणजे म्हणायचं. हा माझा कोणी नाही.

आरशासमोर म्हणून बघितलं. नावापाशी जीभ अडते.

दुपार

तो जेवत नाही. टेबलाशी बसून असतो. तळहात लाकडावर. खुर्ची वाकलीय. पुटपुटतो. जवळून ऐकलं. माझा संकल्प. माझ्या आवाजातला चढउतार, जसाच्या तसा.

कात्री, सुऱ्या, सगळं ड्रॉवरमधून गेलंय.

सव्वानऊ

तो आतल्या खोलीत गेला. आता. वही कोटाच्या खिशात. जाते.

पक्षी — सगळे खाली गप्प बसलेत, गवतात. एकही उठला नाही.

पावणेदहा

समुद्राकडे लोकांची शेकोटी पेटलीय. सगळं बेट आहे तिथे. सगळ्यांच्या पाठी इकडे. हाका मारल्या. इसबिस्टरबाई, ऐका हो! निळा कार्डिगन दिसतो. वळत नाही. कोणी वळत नाही.

उलटा फेरा. एक सुटला. सूत जड, ओलं, दगडाच्या कातडीत रुतलंय. नखं गेली.

दहा

तीन. चार. आत ठोका आहे. अहो, थांबा थोडं. आले.

दहा वीस

सहा सुटले. सातवा दगडाच्या आत. दिसतोय, पण लागत नाही हाताला. आता शब्दच —

तोंड उघडते. आवाज नाही. नुसता वारा आत जातो —

मागचं दार वाजलं.

येतोय. घाई नाही. हातात रीळ. माझं रीळ. मोजू नको म्हणते तरी मोजतेय, चाळीस, एकेचाळीस —

ओरडायला होत नाही. पाठी. नुसत्या पाठी —

फेरे घालतोय. माझ्याभोवती, दगडाभोवती. पूर्ण फेरे. पुटपुटतोय, जन्मोजन्मी हीच —

दोन. सूत कोपरावर. गार.

पाठीशी ठोका. साठ. अजून साठ.

बोलवत नाही तर लिहिते. देवा, लिहिलेलं धर. सात नकोत. हा एक त्यांना पुरा करू दे —

चार

उजवा हात मोकळा आहे अजून

पाच

सूर्य टेकला

सहा

रघुवीर माझे कोणी —